अंगठ्याची शाई

माझ्या आजीने अंगठाबहाद्दर असताना दोन मोठ्या गोष्टी केल्या. १९५२ साली मत दिलं, आणि पुढे काही वर्षांनी माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडीवर अंगठा उठवला. मत तिने जाणून दिलं. हक्क मात्र तिच्या नकळत गेला.

त्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती आणि पेटीवर त्याचं चिन्ह. मतपत्रिकेवर खूणही करायची नव्हती. चिन्ह ओळखायचं आणि कागद त्या पेटीत सोडायचा. १९५१ च्या जनगणनेत देशात शंभरातली अठरा माणसं साक्षर होती, बायकांत तर नऊही नाहीत. तरी एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत मिळालं. आजी सांगायची, "पेटीवरची बैलजोडी झटक्यात वळखली बग. पर त्या हक्कसोडीच्या कागदावरचं कायबी कळंना. त्यांनी वाचून दावलं, तेवढंच खरं मानलं."

ज्याला वाचता येत नाही, तो वाचून दाखवणाऱ्याच्या हाती असतो. जमिनीचं जे, तेच राज्यकारभाराचं. आपल्याकडे हे फार आधी ओळखलं गेलं. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, की सरकारचा पैसा येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. म्हणून बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला.

मग अडाणी माणसाला मत द्यायचं की नाही? इंग्रजी अमलात मालमत्ता, कर किंवा शिक्षण पाहून मतदार ठरत. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन आयोगाच्या वेळी हा निकष खोडून काढला. अक्षरं येत नाहीत म्हणजे अक्कल नाही, असं नव्हे, आणि अक्षरं आली म्हणजे शहाणपण येतंच, असंही नव्हे, हे त्यांचं म्हणणं. मला ते पूर्ण पटतं. विहिरीचं पाणी किती दिवस पुरेल हे आजी ज्या नेमकेपणाने सांगायची, ते मला आजही जमत नाही. म्हणून मत आधी मिळालं, हे योग्यच झालं. पण त्याचबरोबर शासनावर एक कर्जही चढलं: मत दिलेल्या माणसाला कागद वाचता येईल इतकं शिकवण्याचं.

ते कर्ज फेडायला आमचा सातारा जिल्हा पुढे आला. १९५९ साली इथे ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर गेली. रात्रीच्या वर्गात प्रौढ माणसं पाटी घेऊन बसायची. सारं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. आजी तिथेच शिकली. तिची सही शेवटपर्यंत रेघेवर बसली नाही. चढावरून गाडी जावी तशी वर वर जायची. पण सहीपेक्षा मोलाचं काही तिला मिळालं होतं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ग्रामसभेची नोटीस लागली की ती फळ्याशी उभी राहून, एकेका अक्षरावर बोट ठेवत ती वाचायची आणि मग शेजारणींना घेऊन सभेला जायची. "इहिरीला पैसं आलं किती आन लागलं किती?" हा प्रश्न तिने भर सभेत विचारला. कारण विहिरीचं नाव तिने स्वतः वाचलं होतं.

मी पुढे प्राथमिक शिक्षिका झाले. निवडणुकीची ड्युटी आली की मतदार नोंदवहीवर सह्या घ्यायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे यायचं. एखादी वयस्कर बाई टेबलाशी यायची आणि मी काही बोलण्याआधीच डावा अंगठा पुढे करायची. शाईचा पॅड शेजारीच असायचा. मी आधी पेन पुढे करायची. बरेचदा ती मान हलवायची, आणि मग मी पॅड सरकवायची. पण एखादीच पेन घ्यायची, ओठ घट्ट मिटायची आणि नावातलं पहिलं अक्षर काढू लागायची. मागची रांग खोळंबायची. मी खोळंबू द्यायची.