पैठणचा व्यापार आणि नर्मदेची भरती

आपल्या जिल्ह्यांतील पैठणचा माल परदेशीं कसा जाई, याचें वर्णन पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत आहे. पैठणचे मौल्यवान खडे गाड्यांतून २० दिवसांच्या वाटेनें नर्मदामुखावरील भडोच बंदरास जात. तें मुख उथळ व दुर्गम. म्हणून राजाच्या चाकरींतील कोळी समुद्रांत सामोरे जाऊन जहाजें भरतीबरोबर आंत आणीत, आणि भरती सरतांच नांगरून ठेवीत.

समुद्राचें खारें पाणी जड, नदीचें गोड पाणी हलकें. जेथें भरती मंद, तेथें खारें पाणी खालून शिरतें व गोड पाणी वर तरंगतें. नर्मदेंत मात्र भरतीचा लोंढा तळापर्यंत ढवळून दोहोंना एकजीव करितो. पावसाळ्यांतील पूर हा खार समुद्राकडे रेटतो. उन्हाळ्यांत तो पुन्हा वर सरकतो.

१९६१ मध्यें पायाभरणी झालेलें सरदार सरोवर धरण २०१७ मध्यें राष्ट्रास अर्पण झालें. त्यानें तहानलेल्या मुलुखास पाणी दिलें. परंतु खालचा प्रवाह क्षीण होऊन भडोचकडील पाणी खारावलें, आणि अंडीं घालण्यास गोड्या पाण्यांत येणारा पाला मासा दुर्मिळ झाला. भरती पूर्वीचीच आहे. तिला थोपविणारी नदी तेवढी दुबळी झाली. समुद्रास मिळणारें पाणी वाया जातें, असें म्हणण्यापूर्वीं हें ध्यानांत घ्यावें.