पीकखुणा आणि महापाषाणीय दफनस्थळांचा शोध : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना : विदर्भातील जुनापाणी, माहूरझरी व नायकुंड येथील शिलावर्तुळे ही लोहयुगीन दफनस्थळे होत. जुनापाणीविषयी रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ मध्ये लिहिले. तेथील शिळा आजही दिसतात. नांगराखालच्या शेतात मात्र त्या उचलल्या जातात. अशा ठिकाणी हवाई छायाचित्रे उपयुक्त ठरतात.

विवेचन : बुजलेल्या चरावर पीक अधिक काळ हिरवे राहते, गाडलेल्या दगडांवर लवकर पिवळे पडते. ब्रिटनमध्ये ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. बीडमधील खोल काळी माती ओल दीर्घकाळ धरते; ओलिताच्या उसात तर हा फरक पुसलाच जातो. म्हणून हलक्या जमिनीवरील कोरडवाहू रब्बी ज्वारीची छायाचित्रे पाहणे अधिक योग्य. तथापि प्रत्येक वर्तुळ हे दफनस्थळ नव्हे. जुने खळे, बुजलेली विहीर किंवा मेंढवाडा यांचीही खूण वर्तुळाकारच उमटते.

निष्कर्ष : छायाचित्र हा पुरावा नसून संकेत आहे. काळी-तांबडी खापरे, प्रत्यक्ष पाहणी व वृद्ध शेतकऱ्यांची माहिती यांनीच त्याची शहानिशा होईल. यंत्राने जमीन सपाट झाली की हा संकेतही नाहीसा होतो; म्हणून सपाटीकरणापूर्वी नोंद होणे अगत्याचे आहे.