प्लॅस्टिकच्या निऱ्या

लहानपणी आमच्याकडे पाण्याच्या पांढऱ्या कॅनला चीर गेली की आजी स्टोव्हवर उलथनं तापवून ती सांधायची. वास भयंकर यायचा. मी मात्र बघत बसायचे. वितळलेलं प्लॅस्टिक क्षणभर काचेसारखं व्हायचं आणि थंड होता होता पुन्हा दुधी. तो दुधीपणा म्हणजे स्फटिक, हे कळायला बरीच वर्षं गेली. परवा त्यामागचा इतिहास वाचला, म्हटलं लिहूनच टाकावं.

पॉलिथीनचा रेणू म्हणजे लांबच लांब दोरा. वितळलं की हे दोरे शिजलेल्या शेवयांसारखे एकमेकांत गुंततात. थंड होताना काही भाग शिस्तीत रांगेत बसतो, बाकीचा गुंता तसाच. १९३० च्या सुमाराची समजूत अशी की अशा पदार्थांत चिमुकले स्फटिक विखुरलेले असतात, आणि एकच दोरा एकातून निघून, गुंत्यातून वाट काढत पुढच्यात शिरतो. तशी पटण्यासारखीच होती.

१९३८ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या स्टॉर्क्स यांनी गटापर्चाच्या, म्हणजे झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या रबराच्या भावंडाच्या, पातळ पापुद्र्यांतून इलेक्ट्रॉन सोडून पाहिले. दोरे पापुद्र्यात चक्क उभे होते! पण पापुद्रा तर दोऱ्याच्या लांबीपेक्षा कितीतरी पातळ. तेव्हा दोरा मागेपुढे दुमडलेला असणार, असं त्यांनी लिहिलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. एकोणीस वर्षं!

१९५३ मध्ये त्सीग्लर यांच्या शोधामुळे फांद्या नसलेलं, सरळ पॉलिथीन करता येऊ लागलं. मग १९५७ साली ब्रिस्टल विद्यापीठात मूळचे बुडापेस्टचे अँड्र्यू केलर यांनी ते अगदी विरळ द्रावणातून गोठवलं आणि त्यांना सुटे स्फटिक मिळाले, हुबेहूब शंकरपाळ्यांच्या आकाराचे. जाडी सुमारे १० नॅनोमीटर. दोरा त्याच्या कित्येक पट लांब, आणि इथेही उभाच. नऊवारी लुगडं वीतभर जागेत बसवायचं तर निऱ्या घालाव्याच लागतात, दुसरा उपाय काय? गंमत म्हणजे त्याच वर्षी टिल आणि फिशर यांनाही, स्वतंत्रपणे, असेच स्फटिक मिळाले.

आता सगळं मिटायला हवं होतं. पण पॉल फ्लोरी (१९७४ चे नोबेल मानकरी) अडून बसले. त्यांचं म्हणणं, दोरा शेजारच्याच जागी इतका सुबक परत फिरतो कशावरून? जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या वायरींसारखा तो कुठेही शिरत असेल. वितळलेल्या गुंत्यात शांतपणे निऱ्या घालायला त्याला वेळ कुठे असतो? मला हा प्रश्न फार आवडला. १९७९ मध्ये केंब्रिजच्या परिषदेतही यावर जोरात वाद झाले.

असो. आज मानतात ते साधारण असं: विरळ द्रावणात निऱ्या बऱ्याच सुबक, वितळलेलं गोठताना मात्र काही दोरे लगेच वळतात, काही लांब जाऊन परततात, तर काही एका थरातून पुढच्या थरात जातात. म्हणजे त्या जुन्या समजुतीतही तथ्य होतंच. आणि हे दोन थरांत पाय ठेवणारे दोरेच प्लॅस्टिकला चिवट ठेवतात. ते नसते तर थर सहज सुटे झाले असते.

चिरेच्या दोन काठांचंही तेच. वितळल्यावर दोरे एकमेकांत शिरायचे, मग गोठायचे. सांधा पुरता दुधी झाल्याशिवाय आजी कॅनला हात लावू द्यायची नाही.