लायलपूरचा कापूस, लालबागचे सूत

गिरणगावावर मराठीत जे लिहिले गेले त्यात भोंगा आहे, चाळ आहे, खानावळ आहे, संप आहे. पण गिरणीत फुटणारी कापसाची गाठ आली कोठून, याची विचारपूस निदान माझ्या वाचनात फारशी आलेली नाही. कापूस म्हणजे वऱ्हाड, असे आपण गृहीत धरून चालतो. ते अर्धेच खरे आहे.

वऱ्हाडचा देशी कापूस (लिव्हरपूलच्या बाजारात तो उमरावतीवरून 'उमरा' म्हणून ओळखला जाई) आखूड धाग्याचा. त्याचे सूत जाडेभरडे निघते. तलम सुताला लांब धागा हवा, आणि अमेरिकन वाणाचा तसला कापूस प्रामुख्याने पंजाबच्या कालव्यांवर, लायलपूर-मांटगोमेरीच्या बाजूला, व १९३२ च्या सक्कर बंधाऱ्यानंतर सिंधमध्ये पिकू लागला होता.

१९४७ मध्ये गिरण्या जवळजवळ सगळ्या इकडे राहिल्या आणि ही शेते सीमेपलीकडे गेली. कालपर्यंत देशातलाच असलेला माल एका रात्रीत 'आयात' ठरला. त्यातच सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडापाठोपाठ भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही. दराच्या या तंट्यात तागाबरोबर कापसाचाही व्यापार गोठला. मग इजिप्त, सुदान, पूर्व आफ्रिका, अमेरिका! परकीय चलनाची चणचण असताना, ज्या देशाने शतकानुशतके जगाला कापड नेसवले त्याने कापसासाठी हात पसरले. १९५६ चा 'पीएल-४८०' करार आपल्या स्मरणात आहे तो गव्हासाठी. त्यात कापूसही होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

भारतीय कापूस महामंडळ आज शेतकऱ्याला ठाऊक आहे ते हमीभावाच्या खरेदीमुळे. परंतु १९७० मध्ये त्याची स्थापना झाली तेव्हा त्याच्याकडे सोपवलेले काम होते परदेशी कापूस आणण्याचे. योगायोग असा की त्याच वर्षी सुरतेच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांचा 'संकर-४' बाहेर पडला. व्यापारी लागवडीसाठी आलेला तो जगातला पहिला संकरित कापूस. आयातीचा भार पुढे उतरला, त्यात अशा वाणांचा वाटा मोठा आहे. मात्र देशी कापसाची सरकी घरची ठेवून पेरता येई. संकरिताचे बियाणे दर हंगामात विकत घ्यावे लागते, आणि विदर्भातली बहुतेक शेती कोरडवाहू आहे.