हिऱ्याचे वजन आणि आकार : काही मापवाचक शब्दांचा इतिहास

केजसारख्या तालुक्याच्या गावी साखरपुड्याची अंगठी घेताना 'हिरा केवढा आहे?' असे विचारले, तर सराफ उत्तर देतो ते कॅरटमध्ये. प्रश्न आकाराचा, उत्तर वजनाचे. ही विसंगती आधुनिक व्यापाराने आणलेली नव्हे. ती आपल्याकडे फार जुनी आहे.

वराहमिहिराने बृहत्संहितेत हिऱ्याचे मूल्य तांदळाच्या वजनावर सांगितले असून, आठ पांढरे सर्षप म्हणजे एक तांदूळ असे कोष्टक दिले आहे. मराठीतील 'गुंज' ही वेलीची बी. दक्षिणेतील 'मंजाडी' ही वृक्षाची. 'कॅरट' हा शब्दही कॅरोबच्या शेंगेच्या ग्रीक नावावरून अरबी 'कीरात'च्या द्वारे युरोपात गेला. माप बियांचे, ही कल्पना सर्वत्र एक. बी मात्र प्रदेशागणिक निराळी.

याचा परिणाम तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याच्या लेखनात स्पष्ट दिसतो. केज १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होते, त्याच्या राजधानीलगतच्या गोवळकोंड्यास तो सतराव्या शतकात येऊन गेला. त्याच्या मते मुघल मुलखातील रती म्हणजे ७/८ कॅरट. मंजाडीवरून आलेले 'मांगेलीन' हे वजन रावळकोंड्याच्या खाणीवर पावणेदोन कॅरट भरे. गोवळकोंडा व विजापूरच्या राज्यांत अन्यत्र तेच १ ३/८ कॅरट. तेव्हा जुन्या कागदांतील 'इतक्या रतींचा हिरा' हे विधान, बाजार कोणता हे कळल्यावाचून अपुरेच समजले पाहिजे. २०० मिलिग्रॅमचा कॅरट १९०७ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने मान्य केला. (सोन्याचा कॅरट शुद्धतेचा, शब्द एक, अर्थ भिन्न.)

पण वजन ठरले म्हणून आकार ठरत नाही. गोल पैलूंचा एक कॅरटचा हिरा सुमारे साडेसहा मिलिमीटर रुंद असतो. दोन कॅरटचा तेरा नव्हे, सव्वाआठच्या आसपास. किंमत मात्र वजनाच्या वर्गाने वाढते, असा तावेर्नियेचा नियम. त्याप्रमाणे ग्राहक चौपट मोल देतो आणि बोटावर पाव भागाने रुंद खडा पाहतो.

त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानातील म्हणून प्रसिद्ध असलेला 'नासक' हिरा १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. तेव्हा तो सुमारे ९० कॅरटचा होता. लंडनमध्ये पैलू बदलल्यावर तो ८०.५९ कॅरट उरला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी तेज वाढावे म्हणून तो पुन्हा घासविला, आणि त्याचे वजन ४३.३८ कॅरटवर आले.