खवले मांजराची शिकार का होते? कोकणातल्या एका लाजाळू प्राण्याची गोष्ट

नावात मांजर असलं तरी खवले मांजराचा मांजराशी काहीही संबंध नाही. अंगभर खवले, तोंडात एकही दात नाही आणि लांब चिकट जीभ, असा हा सस्तन प्राणी. दिवसा बिळात झोपतो, रात्री बाहेर पडून मुंग्या आणि वाळवी खातो. रत्नागिरी जिल्ह्यात भारतीय खवले मांजर आढळतं.

शिकार इतकी सोपी का?

धोका जाणवला की खवले मांजर अंगाचं वेटोळं करून घट्ट चेंडू बनतं. मऊ पोट आत, कडक खवले बाहेर. बिबट्यासारख्या शिकाऱ्यापुढे ही युक्ती चालते. माणसापुढे मात्र तीच त्याच्या जिवावर बेतते, कारण ते पळत नाही, चावत नाही. माणूस सरळ उचलून पोत्यात भरतो.

मारतात कशासाठी?

पूर्वी गावाकडे मुख्यतः मांसासाठी शिकार व्हायची. खवल्याची अंगठी घातली की आजार आणि नजर दूर राहते, असाही समज होता. पुढे चीन आणि व्हिएतनाममधल्या पारंपरिक औषधांसाठी खवल्यांची तस्करी वाढली. रत्नागिरीतही खवल्यांसह आरोपी पकडल्याची प्रकरणं वेळोवेळी समोर आली आहेत.

खवल्यांत खरंच औषध असतं का?

नाही. खवले केराटिनचे असतात. आपली नखं आणि केसही त्याचेच. २०२० मध्ये चीननेही आपल्या अधिकृत औषधसूचीतून खवले वगळले.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हा प्राणी अनुसूची १ मध्ये आहे. शिकार केल्यास किमान ३ आणि कमाल ७ वर्षं तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. प्रत्यक्ष मारणंच नव्हे, तर पकडणं, फासकी लावणं आणि तसा प्रयत्न करणं हीसुद्धा कायद्याने शिकारच. २०१७ पासून आठही जातींच्या खवले मांजरांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे.

गावांनी काय केलं?

वेळासच्या कासवांमुळे माहीत असलेली चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था खवले मांजरासाठीही काम करते. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात जागतिक खवले मांजर दिनानिमित्त 'खवलोत्सव' झाला. शिमग्यात पालखी नाचवणाऱ्या कोकणात खवले मांजराच्या प्रतिकृतीची पालखी निघाली! बंदीची पाटी लावण्यापेक्षा हे वेगळं होतं. ज्याला पोत्यात भरायचं, त्याला गावाने पालखीत बसवलं.

ही काळजी गरजेची आहे, कारण मादी एका वेळी बहुधा एकाच पिल्लाला जन्म देते. एक मादी गेली की तिची जागा भरून यायला वर्षं लागतात. शिवाय वाळवी खाणारा हा प्राणी शेतकऱ्याचं नुकसान नाही, मदतच करतो.

दिसलं तर काय कराल?

१. हात लावू नका, गर्दी करू नका, कुत्र्यांना दूर ठेवा.
२. ते अडकलं किंवा जखमी असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.
३. फोटो किंवा व्हिडिओ टाकताना ठिकाण लिहू नका. तुमची पोस्ट तस्करालाही दिसते.