आजीच्या दंडावरची देवी

आजच्या भागाची सुरुवात धामापूरपासून. मालवण तालुक्यातलं हे गाव तुम्हाला सोळाव्या शतकातल्या तळ्यामुळे माहीत असेल, आणि तळ्याकाठच्या भगवती देवीच्या देवळामुळे. पण आज ज्या देवीबद्दल बोलायचंय ती देवळातली नाही. ती माझ्या आजीच्या दंडावर आहे.

दोन गोल वण, मधे खोलगट. आजी शाळेत असताना देवीची लस टोचली, त्याची ही खूण. "देवी टोचणारो इलो काय आमी सगळी पोरां माडाच्या बागेत लपान बसायचो," ती सांगते. रोगाचं नाव देवी आणि लस घेणं म्हणजेही देवी टोचून घेणं. रोग झालेल्या दहांतली साधारण तीन माणसं मरायची. वाचलेल्यांच्या तोंडावर वण राहायचे, काहींची दृष्टी जायची.

करोनाच्या लशीच्या वेळी आजीने मला फोनवर विचारलं, "ह्या इंजेक्शनान नेमका होता काय?" मी सॉफ्टवेअरवाला. ऐटीत सांगितलं, "आजी, शरीर म्हणजे कॉम्प्युटर, लस म्हणजे त्याचं अपडेट. विषाणू कसा दिसतो ते शरीर बघून घेतं आणि त्याच्या मापाचं हत्यार तयार करतं." तिला पटलं. मलाही पटलं होतं. पुढे वाचायला लागल्यावर कळलं की यातलं शेवटचं वाक्य चूक आहे. गंमत म्हणजे विसाव्या शतकातल्या भल्याभल्यांनी हीच चूक केली होती. आजचा भाग त्या चुकीचा.

आधी मुंबईला जाऊ. १७९६ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नरने गाईच्या देवीचा द्रव एका मुलाला टोचला आणि त्याला माणसांच्या देवीपासून संरक्षण मिळतं हे दाखवलं. ही लस भारतात आणणं अवघड होतं. द्रव वाळवून, दोऱ्यावर घेऊन पाठवला तर उन्हाने निकामी व्हायचा. शेवटी ती व्हिएन्नाहून बगदाद आणि बसऱ्यामार्गे जहाजाने मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली, आणि ती लागू पडली. ही भारतातली पहिली. तिच्या दंडावर फोड आला, त्यातला द्रव पुढच्या आठवड्यात मुंबईतल्याच आणखी पाच मुलांना टोचला. तिथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास. एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, अशी साखळी. एक कडी तुटली की लस संपली. पुढे मुलांऐवजी वासरांच्या कातडीवर लस वाढवायला लागले. आंबोलीचा घाट चढून गेलं की लागणाऱ्या बेळगावातही अशी लस बनवणारी संस्था होती.

इतकं सगळं चाललं, पण आत शरीरात काय घडतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विषाणू म्हणजे काय हेसुद्धा नाही.

१८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवलं की धनुर्वाताला तोंड दिलेल्या प्राण्याच्या रक्तातला पातळ भाग दुसऱ्या प्राण्याला दिला तर तोही वाचतो. म्हणजे रक्तात काहीतरी तयार होतं. त्यालाच आपण अँटिबॉडी किंवा प्रतिपिंड म्हणतो. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं प्रथिन. त्याची दोन टोकं विषाणूच्या पृष्ठभागावर चिकटतात, मग विषाणूला पेशीत शिरता येत नाही. पण प्रत्येक प्रतिपिंड प्रत्येक विषाणूला चिकटत नाही. कुलूप-किल्लीसारखा आकार जुळावा लागतो.

आता खरा प्रश्न. बरोब्बर किल्ली येते कुठून?

पॉल एर्लिश म्हणाला, किल्ल्या पेशींवर आधीपासून असतात. पण मग कार्ल लांडस्टायनरने प्रयोगशाळेत बनवलेली, निसर्गात कधीच नसलेली रसायनं प्राण्यांना टोचली, आणि त्यांच्याविरुद्धही प्रतिपिंडं तयार झाली! जी वस्तू जगात नव्हतीच तिची किल्ली शरीर आधीपासून कशाला बाळगेल? एर्लिशची कल्पना मागे पडली. १९४० साली लायनस पॉलिंगने मांडलं की प्रतिपिंडाचा लवचिक धागा विषाणूभोवती साच्यासारखा वळतो. म्हणजे शरीर हा शिंपी. गिऱ्हाईक आलं, माप घेतलं, सदरा शिवला. मी आजीला हेच सांगितलं होतं.

पण शिंप्याच्या गोष्टीत एक अडचण होती. गिऱ्हाईक निघून गेल्यावर माप राहतं कुठे? १८४६ साली फेरो बेटांवर गोवराची साथ आली तेव्हा पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरला दिसलं की १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर होऊन गेला होता त्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा झाला नाही. मधली ६५ वर्षं बेटावर गोवरच नव्हता. साचा काढायला विषाणू हजर नाही, तरी आठवण शाबूत.

१९५५ साली नील्स येर्नेने आणि १९५७ साली मॅकफार्लेन बर्नेटने गोष्ट उलटी केली. शिंपी नाहीच, तयार कपड्यांचं दुकान आहे. आपल्या रक्तात बी पेशी असतात. प्रत्येक पेशीच्या अंगावर एकाच आकाराची किल्ली, आणि दर पेशीची वेगळी. विषाणू आला की तो लाखो पेशींना घासून जातो. जिची किल्ली जुळते ती जागी होते आणि दुप्पट-चौपट वाढते. तिच्या पिल्लावळीतल्या काही पेशी प्रतिपिंडं तयार करायला बसतात, एकेक पेशी सेकंदाला हजारोंच्या हिशोबाने. काही आठवण म्हणून मागे राहतात. वाढताना किल्लीत बारीक बदलही होतात आणि जास्त घट्ट बसणाऱ्या पेशी टिकतात. म्हणून दुसऱ्या खेपेला उत्तर लवकर आणि जास्त अचूक येतं.

मग लांडस्टायनरचा प्रश्न उरतोच. एवढ्या किल्ल्या मावतात कुठे? आपली जनुकं तर जेमतेम वीस हजार. याचं उत्तर १९७६ मध्ये सुसुमु टोनेगावाने दिलं, आणि इथे माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. प्रतिपिंडाचं जनुक अखंड नसतं, तुकड्यांत असतं. त्याच्या जड साखळीसाठी एका प्रकारचे सुमारे ४० तुकडे, दुसऱ्या प्रकारचे २३ आणि तिसऱ्याचे ६. प्रत्येक बी पेशी तयार होताना प्रत्येक प्रकारातला एकेक उचलते. ४० गुणिले २३ गुणिले ६, झाले ५,५२०. हलक्या साखळीच्या साधारण ३२० जोडण्या. गुणाकार १७ लाखांच्या वर जातो. शिवाय जोडावर अक्षरं कमीजास्त होतात, ती वेगळीच. शरीर भविष्य ओळखत नाही. ते आंधळेपणाने इतके आकार बनवून ठेवतं की त्यातला एखादा लागतोच, न जन्मलेल्या विषाणूलासुद्धा.

गणपतीला घरी गेलो तेव्हा आजीला हे सांगितलं. आधीचं उत्तर चुकलं होतं हेही. शिवाय २००३ साली अमेरिकेतल्या ओरेगनच्या संशोधकांना देवीची लस घेतल्यानंतर ७५ वर्षांपर्यंत प्रतिपिंडं टिकलेली सापडली, तेही सांगितलं. ती विचार करून म्हणाली, "म्हणजे टोचणाऱ्यान फकत जागो केल्यान?"

हो आजी, फकत जागो केल्यान.

मग तिने माझा हात बघितला. "तुझ्या हातार देवी कशी नाय रे?" माझ्या दंडावर जी खूण आहे ती क्षयरोगाच्या बीसीजीची. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसामात करीमगंजला सापडला, १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं, आणि मला टोचायचं कारणच उरलं नाही. जुळणारी पेशी माझ्यातही कुठेतरी असेलच. तिला कुणी हाक मारलेली नाही एवढंच. ॲनापासून आजीपर्यंतच्या मुलांनी हात पुढे केले म्हणून ती झोपून आहे. झोपूनच राहो.

भेटू पुढच्या भागात. तोवर घरातल्या मोठ्यांच्या दंडावरची देवी बघून या.